सही करायला बोलावलंय, की वाचायला?

वाचकाचं पत्र: मी 61 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. राहणार कराड. गेली 11 वर्षं मला आमवात आहे, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात. पुण्याच्या एका रुग्णालयात उपचार चालू आहेत. तिथल्या संशोधन विभागातून फोन आला की आमच्या एथिक्स कमिटीवर 'ले पर्सन' म्हणून याल का. मुलगा म्हणतो, नियमाला एक सामान्य माणूस लागतो म्हणून बोलावतात, चहा-बिस्किटं देतात आणि सही घेतात. मला इंग्रजी वाचता येतं, पण डॉक्टरी इंग्रजी झेपेल असं वाटत नाही. जावं का? गेले तर तिथे नेमकं करायचं काय? आणि आम्हा पेशंट लोकांना संशोधनात बोलायला आणखी कुठे जागा असते का, की आमच्यावर प्रयोग होणार एवढंच?
— एक वाचक, कराड

नमस्कार बाई,

जा. माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव आधी तपासून मान्यता देणारी ती समिती. पण होकार कळवायच्या आधी समितीच्या सचिवांकडून तीन कागद मागवा: समितीच्या कामकाजाची लेखी पद्धत, म्हणजे ज्याला ते 'एसओपी' म्हणतात ती; नोंदणीचं प्रमाणपत्र; आणि गेल्या वर्षभरात किती बैठका झाल्या, प्रत्येकीत किती प्रस्ताव आले याची यादी. दोन तासांच्या बैठकीत पंचवीस प्रस्ताव निकालात निघत असतील तर मुलाचं म्हणणं खरं आहे, तिथे सहीच हवी आहे. चार-पाच प्रस्ताव असतील आणि त्यातले एक-दोन दुरुस्तीसाठी परत गेले असतील, तर ती समिती वाचते. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या समितीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे असावी लागते, इतर वैद्यकीय संशोधन तपासणारीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे. प्रमाणपत्रावरची मुदत बघून घ्या. ती उलटलेली असेल तर पुढचं बोलणंच नको.

मुलाचं अर्धं म्हणणं मात्र बरोबर आहे. नियमाला सामान्य माणूस लागतोच. नवीन औषधं आणि चाचण्यांचे 2019 चे नियम सांगतात की समितीत किमान 7 सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत, अध्यक्षही बाहेरचाच हवा. औषध-चाचणीचा प्रस्ताव तपासताना पाच खुर्च्या भरलेल्या असाव्या लागतात: एक वैद्यकशास्त्रज्ञ, एक पेशंट तपासणारे डॉक्टर, एक कायद्याचे जाणकार, एक समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राकडचे अथवा स्वयंसेवी संस्थेतले, आणि एक सामान्य नागरिक. पाचवी खुर्ची रिकामी असेल तर बैठक चालत नाही. मुलाला यात सहीची गरज दिसते. पण जिच्यावाचून बैठक अडते, तिला 'थांबा, हे पान मला कळलं नाही' म्हणून बैठक थांबवताही येते. बाकीच्यांना सगळं कळल्यासारखं बसावं लागतं, तुमच्यावर ती सक्ती नाही.

पात्रतेबद्दल: आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 'ले पर्सन' हा साक्षर नागरिक असावा, गेल्या 5 वर्षांत वैद्यकीय किंवा आरोग्याच्या क्षेत्रात नोकरी-व्यवसाय केलेला नसावा, आणि ज्या लोकांवर संशोधन होणार त्यांची भाषा, रीतीभाती त्याला ठाऊक असाव्यात. तुम्ही यात चपखल बसता. तुम्ही त्याच रुग्णालयाच्या पेशंट आहात हे आड येत नाही. मात्र तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच प्रस्ताव आला, तर सुरुवातीलाच ते लेखी सांगायचं, त्या चर्चेपुरतं खोलीबाहेर जायचं आणि तुम्ही बाहेर होतात ही नोंद इतिवृत्तात आली का ते नंतर बघायचं. यात कुणाला वाईट वाटायचं काही कारण नाही.

आता काम काय. बैठकीच्या आधी कागदांचा गठ्ठा येईल. एका प्रस्तावाचा प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा सविस्तर आराखडा, हाच शंभर पानांचा असू शकतो आणि तो इंग्रजीत असतो. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतलात तर दहाव्या पानावर तुम्ही स्वतःला कमी समजायला लागाल. बहुतेक नवे सदस्य इथेच गप्प होतात. उलट्या टोकाने सुरुवात करा. आधी फक्त मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. मग पेशंटने कितव्या आठवड्यात येऊन काय करायचं याचा तक्ता. मग पेशंटला विचारायच्या प्रश्नावल्या. शेवटी विम्याचा आणि नुकसानभरपाईचा कागद. औषधाच्या रेणूचं नाव, प्रयोगशाळेच्या पद्धती, संख्याशास्त्र, हे सगळं दुसऱ्यांवर सोपवा. त्यासाठी माणसं नेमलेली आहेत. अर्धवट डॉक्टर होऊन बसलेला सामान्य सदस्य कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

माहितीपत्रक मोठ्याने वाचा. शेजारच्या एखाद्या बाईंना बसवून असला एखादा परिच्छेद ऐकवावासा वाटेल, पण समितीचे कागद गोपनीय असतात, तसा करारही तुमच्याकडून लिहून घेतील. तेव्हा भिंतीला ऐकवा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. माहितीपत्रकांचं मराठी भाषांतर बरेचदा शब्दाला शब्द ठेवून केलेलं असतं. त्यात असं एक वाक्य हमखास सापडेल:

"सदर अभ्यासामध्ये आपणांस यादृच्छिक पद्धतीने अभ्यास-औषध अथवा कूटभेषज यांपैकी एका गटामध्ये नियुक्त करण्यात येईल व सदर नियुक्ती द्विआंधळी असेल."

चौथीच्या मुलाने निबंधात हे लिहिलं असतं तर तुम्ही लाल शाईने काय केलं असतं? तेच इथे करा:

"तुम्हाला नवीन औषधाची गोळी मिळेल की औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी मिळेल, हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल. कोणती गोळी मिळते आहे हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही."

वाक्य असं सुटं झालं की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो: ज्यांच्या वाट्याला औषध नसलेली गोळी येईल, त्यांची आत्ता चालू असलेली मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची नेहमीची गोळी, चालू राहणार की बंद होणार? 'कूटभेषज' या शब्दाआड हा प्रश्न दडून बसला होता. आमवातात औषध बंद ठेवलेल्या महिन्यांत सांध्यांची झीज होऊ शकते, म्हणून हे उत्तर माहितीपत्रकात स्पष्ट हवं, आणि दुखणं वाढलं तर मध्येच कोणतं औषध देणार हेही हवं.

सोपं करताना गोड मात्र करायचं नाही, ही उलट बाजूची चूक. 'यकृताला सूज येऊ शकते' याचं 'किरकोळ त्रास संभवतो' केलं तर भाषा सोपी झाली, पण पेशंट फसला. 'क्वचित' या शब्दाला आकडा मागा. औषधांच्या कागदपत्रांत 'क्वचित'चा ठरलेला अर्थ 10,000 जणांत 1 ते 10 असा असतो आणि 'नेहमी आढळणारा' म्हणजे 100 जणांत 1 ते 10. मराठी वाचणाऱ्याला 'क्वचित' म्हणजे 'मला नाही होणार' एवढंच ऐकू येतं. आणखी दोन शब्दांवर नजर ठेवा. एक 'उपचार'. ज्याचा उपयोग होतो की नाही हेच तपासायचं आहे त्याला 'अभ्यासातलं औषध' म्हणावं, उपचार नव्हे. दुसरा 'लाभार्थी'. सरकारी योजनांच्या सवयीने हा शब्द चाचणीत भाग घेणाऱ्याला चिकटतो, आणि तो दिसला की ओळखावं, भाषांतर कुणी वाचलेलंच नाही.

तुम्ही सुचवलेली दुरुस्ती तुम्ही स्वतः कागदात करायची नसते. समिती ती संशोधकाला कळवते, तो नवा मसुदा आणतो, इंग्रजी आणि मराठी प्रती एकमेकींशी जुळवल्या जातात. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. दुरुस्त मसुदा परत आला की आधी तिथे बघा. इंग्रजी प्रत तिसरी आणि मराठी अजून दुसरीच, असा घोळ वारंवार होतो आणि पेशंटच्या हातात जुना कागद पडतो.

भेटींचा तक्ता हा खरा तुमचा प्रांत. डॉक्टरांना त्यात चौकोन दिसतात, तुम्हाला त्यात एसटी दिसली पाहिजे. समजा तक्त्यात लिहिलंय: 'चौथा आठवडा, सकाळी 8.30, उपाशीपोटी रक्त, 15 मिली.' 15 मिली म्हणजे तीन चमचे, चहाचे. माहितीपत्रकात चमचे लिहायला सांगा, सगळ्या भेटींचं मिळून किती होतं तेही लिहायला सांगा. मग वेळ बघा. कराडहून साडेआठला पुण्यात पोचायचं तर पहाटे चारला घर सोडायला हवं. आमवाताच्या पेशंटचे सांधे नेमके सकाळीच आखडलेले असतात, केस विंचरायलाही दुसऱ्याचा हात लागतो. म्हणजे सोबत कुणीतरी आलं, त्याचा दिवस बुडाला. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट असलं तरी सोबतच्या मुलाला पुरं तिकीट पडतं. तेव्हा विचारा: प्रवासखर्च एकाचा देणार की दोघांचा? रोख त्याच दिवशी, की महिन्याने बँकेत? रक्त घेतल्यावर नाश्ता आहे का? ही तपासणी खरोखर उपाशीपोटीच हवी का, की सवयीने लिहिलंय? आणि गावाजवळच्या प्रयोगशाळेत रक्त दिलं तर चालेल का? असल्या प्रश्नांना कुणी 'किरकोळ' म्हणालं तर सांगा, पेशंट अर्ध्यावर सोडून जातात ते याच कारणांनी, आणि पुरेसे पेशंट शेवटपर्यंत टिकले नाहीत तर सगळ्या चाचणीचा निष्कर्ष डळमळतो. हे वाक्य संशोधकाला लगेच समजतं.

प्रश्नावल्यांकडे बरेचदा कुणीच बघत नाही. आमवात किती अडवतो हे मोजायची जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची आहे. तिच्या मूळ रूपात टबात बसून अंघोळ करता येते का, मांस कापता येतं का, दुधाचा नवा खोका उघडता येतो का असे प्रश्न आहेत. भारतीय डॉक्टरांनी तिचं इथलं रूप तयार केलं, त्यात साडी किंवा धोतर नेसणं, मांडी घालून किंवा उकिडवं बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, मंडईत जाणं आलं. प्रस्तावात यातलं कोणतं रूप जोडलंय ते बघा. तसंच आजाराचा जोर ठरवणारी 'डास-28' (DAS28) नावाची मोजणी येईल. त्यात खांदे, कोपर, मनगटं, हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे असे 28 सांधे तपासतात. घोटे आणि पायाची बोटं त्यात नाहीत. चप्पल घालता येत नाही म्हणून रडणाऱ्या पेशंटचा 'स्कोअर' उत्तम आलेला असू शकतो. ती मोजणी जगभर रूढ आहे, तुमच्या सांगण्याने बदलणार नाही. पण तिच्या जोडीला पायांचे सांधेही नोंदवाल का, एवढं विचारायला हरकत नाही.

असं विचारून फरक पडतो का? तुमच्याच आजारातलं उदाहरण आहे. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजायचं हे ठरवणारी 'ओमेरॅक्ट' नावाची आंतरराष्ट्रीय परिषद भरते. 2002 साली तिथे पहिल्यांदा पेशंटना बरोबरीने बसवलं. ते म्हणाले, तुम्ही सूज मोजता, दुखणं मोजता, पण आम्हाला सगळ्यात जास्त जेरीला आणणारा थकवा कुठे मोजता? डॉक्टर तो मोजतच नव्हते. पुढे आमवाताच्या चाचण्यांत थकवा मोजावा अशी शिफारस झाली. ते पेशंट औषधशास्त्र शिकून गेले नव्हते.

भरपाईच्या कागदात तीन गोष्टी शोधा. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजेचा चाचणीशी संबंध नाही असं ठरेपर्यंत किंवा गरज असेपर्यंत ते चालू, हे लिहिलंय का. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाल्याचं ठरलं तर भरपाई वेगळी, हे लिहिलंय का. मृत्यू झाल्यास तिचं सूत्र नियमांतच दिलंय, 8 लाख ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराची जोखीम यांप्रमाणे ती ठरते, त्यामुळे 'कंपनी योग्य ती मदत करेल' असली मोघम भाषा चालवून घेऊ नका. तिसरं म्हणजे फोन नंबर. एक प्रमुख संशोधकाचा आणि एक समितीचा असावा लागतो. संध्याकाळी सातनंतर दोन्ही लावून बघा. विस्तार क्रमांक मागणारं यंत्र लागलं किंवा फोन नुसताच वाजत राहिला, तर रात्री अंगावर पुरळ उठलेल्या माणसाने काय करायचं, हा तुमचा बैठकीतला पहिला प्रश्न. आणि चाचणी संपल्यावर औषधाचं काय, हे विसरू नका. ज्याला गुण आला आणि ज्याला दुसरा पर्याय नाही, त्याला डॉक्टरांची शिफारस आणि समितीची मान्यता असेल तर ते औषध पुढे मोफत देण्याची तरतूद नियमांत आहे. माहितीपत्रकात त्याबद्दल बहुधा एक अवाक्षर नसतं.

संमती कोण घेणार हेही विचारा. पेशंट ज्यांच्यावर वर्षानुवर्षं विसंबून आहे त्याच डॉक्टरांनी कागद पुढे केला तर 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. कागद घरी नेऊन, चार माणसांना विचारून दोन दिवसांनी यायची मुभा असावी, सही केलेल्या कागदाची प्रत पेशंटला मिळावी, आणि वाचता न येणाऱ्यासाठी जो साक्षीदार बसतो तो संशोधकांच्या पगारावरचा नसावा. साक्षीदाराच्या जागी दरवेळी एकाच वॉर्डबॉयचं नाव आलं तर समजून जा.

बैठकीत बोलायची भीती वाटत असेल तर प्रश्न चार दिवस आधी सचिवांना ईमेलने पाठवा. मग ते विषयपत्रिकेत येतात, कुणी घाईत टाळू शकत नाही. चर्चा इंग्रजीत चालली तरी तुम्ही मराठीत बोला, खोलीतल्या सगळ्यांना मराठी येतं. उत्तर पटलं नाही तर 'माझी असहमती कारणासह इतिवृत्तात घ्या' एवढं वाक्य पुरतं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करण्याआधी ते वाक्य खरंच उतरलंय का ते वाचा. कागद आदल्या रात्री मिळाले तर 'मी वाचलेले नाहीत, या प्रस्तावावर मत देणार नाही' असं सांगा. एकदा सांगितलंत की पुढच्या वेळी आठवडाभर आधी येतील.

तुमचा शेवटचा प्रश्न, आणखी जागा कुठे. समितीपुढे प्रस्ताव येतो तोवर संशोधनाचा विषय ठरून गेलेला असतो. विषय ठरवतानाच पेशंट हवेत, यासाठी ब्रिटनमध्ये 2004 पासून जेम्स लिंड अलायन्सचं काम चालतं: पेशंट, त्यांचे घरचे आणि डॉक्टर एकत्र बसून एखाद्या आजारातले अनुत्तरित प्रश्न गोळा करतात आणि त्यातले पहिले 10 निवडतात. आपल्याकडे असं फार होत नाही. पुण्यात एचआयव्हीच्या संशोधनाभोवती लोकांची सल्लागार मंडळं मात्र बऱ्याच वर्षांपासून आहेत. तुमच्या रुग्णालयात आमवाताच्या पेशंटचा गट असेल तर संशोधन विभागाला विचारा, प्रस्ताव लिहिण्याआधी तुम्ही आम्हाला एक दुपार द्याल का. तरुण संशोधक सहसा आनंदाने येतात, त्यांना पेशंट मिळायची चिंता असते.

घरबसल्या दोन गोष्टी करता येतात. देशातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते. 1 एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. तुम्हाला किंवा ओळखीच्या कुणाला चाचणीत घ्यायचं म्हणाले तर सीटीआरआय क्रमांक मागा आणि त्या पानावर तीन ठिकाणी बघा: तुमचं रुग्णालय केंद्रांच्या यादीत आहे का, तिथल्या समितीच्या मान्यतेपुढे 'अप्रूव्हड' आहे का, आणि सर्वसामान्यांच्या चौकशीसाठी कुणाचं नाव दिलंय. पान इंग्रजीत आहे, पण एवढं तुम्हाला सहज वाचता येईल. दुसरं, बाजारात आलेल्या औषधाचा त्रास झाला तर तो तुम्ही स्वतः कळवू शकता. 1800-180-3024 हा टोल-फ्री क्रमांक आहे, फॉर्म मराठीतही मिळतो. गोळीचं नाव, कधी सुरू केली, त्रास कधी सुरू झाला, बंद केल्यावर थांबला का, एवढं लिहून ठेवून मग फोन करा. गोळीची पट्टी टाकू नका, बॅच नंबर विचारतात.

नेमणुकीचं पत्र येईल त्यात मुदत, प्रवासखर्च, मानधन आणि सुरुवातीचं प्रशिक्षण यांचा उल्लेख हवा. प्रशिक्षणाशिवाय पहिल्या बैठकीला बसू नका. आणि पत्राला उत्तर देताना एक अट घाला: बैठक सकाळी दहाची नको, दुपारी दोनची ठेवा, कारण माझे सांधे अकरापर्यंत सुटत नाहीत.